घराभोवतीचं पिरूल

बसा दाज्यू, थोरल्या भावाला आमी दाज्यूच म्हणतो. जरा लांब बसा त्या ढिगापासनं. पाणी प्या, मग ह्या ढिगाचीच गोष्ट सांगतो.

आमच्या डोंगरावर समदी चिडाची झाडं. चैत्र लागला की त्यांची सुयांगत वाळकी पानं गळत्यात, पिरूल म्हणतो आमी. थोडं गोठ्यात अंथरायचं, बाकीचं दरसाली जंगलासकट जळायचं. मग खाली पिरूलवर वीज करायचं मशीन आलं. माझी बायको जसुली बायांची म्होरकी. म्हणली, "जंगल झाडून काढू. आग बी लागायची न्हाई, अन् घरात उजेड बी हुईल."

दोन म्हैनं बाया भारे वाहत हुत्या. मशीनपाशी जागा सरली, मग माझ्या घराला तिन्ही अंगांनी रचलं. पार छपराला भिडलं. चौथ्या अंगाला दरी, अन् दरीत गावाचा पाण्याचा झरा, म्हणून तिकडं ढकलता बी येईना.

तवर मशीनच्या नळ्या डांबरागत चिकट राळेनं तुंबल्या. मिस्त्री चार दिसांत येतो म्हणून गेला, तो गेलाच. त्यात शेवटच्या भाऱ्याला जसुली पिरूलवरनं घसरली. कंबरेचं हाड मोडलं. डागदर म्हणला, म्हैनाभर हलवू नका. आत खाटंवर पडलीय.

जंगलाचा गार्ड आला. म्या इचारलं, "बाबू, परत जंगलात पसरू का?"

"पसरून बघ! आग लागली तर तुझंच नाव लिहीन."

"मग करू काय?"

"ठेव की. मशीन चालू हुईल."

आतनं जसुली वरडली, "बाबू, मग तुमीच झोपा हितं! खाट देते माझी!"

गडी टोपी सावरत उतरला.

परवा वरच्या कड्याला वणवा लागला. धडाधडा खाली आला, अन् आमी झाडलेल्या जागंपाशी बसला. खायाला काय गावलंच न्हाई त्याला. बाया टाळ्या पिटत नाचल्या.

"थांबला का ओ?" जसुली आतनं.

"थांबला."

"मी म्हणलं नव्हतं?"

किती दिसांनी हसली, दाज्यू. अन् त्याच वक्ताला एक ठिणगी वाऱ्यावर तरंगत आली, अन् ढिगावर बसली. वलं घोंगडं फेकून म्या वरनं लोळलो. हे बघा, कोपर भाजलंय. तिला सांगितलं, चुलीवर भाजलं.

तवापास्नं घोंगडं भिजवतो अन् वाऱ्याकडं बघत बसतो. पावसाला अजून पंधरा दीस हायेत.

जावा, आत जाऊन भेटा तिला, बरं वाटंल. पर तुमच्या खिशातली काडेपेटी हितं माझ्यापाशी ठेवा. अन् तिनं कोपराचं इचारलं, तर चूलच म्हणा.