शेकायला गेलेले दगड

"आत्याबाई, माझा दगड द्या!"

"देते की. गुडघा तर शेकू दे आधी," साळूबाई गोधडीतूनच सुनेला म्हणाली.

अंजनानं कपाळाला हात लावला. तळेगाव ढमढेऱ्यात तिच्या दारापुढं कांदा वाळवायचं सोलर यंत्र होतं. कांद्याच्या जाळ्यांखाली काळे दगड रचलेले. दिवसा उन्हात तापायचं आणि सूर्य बुडाल्यावर कांद्याला ऊब द्यायची, एवढंच त्यांचं काम. पण पौषाची थंडी पडली, सासूनं एक दगड फडक्यात गुंडाळून गुडघ्याला लावला आणि गावभर बोभाटा झाला. दिवस कलला की म्हातारी मंडळी दारात हजर. दुखणाऱ्या माणसाच्या शेकाला नाही कसं म्हणायचं? कांदा मात्र ओला तो ओलाच.

आज यंत्र देणाऱ्या योजनेचा साहेब तपासणीला येणार होता. यंत्र नापास झालं तर ते उचलून नेणार, आणि अंजना पुन्हा कारेगावच्या कारखान्यात उभ्यानं पॅकिंग करायला.

साहेब नेमका दिवेलागणीला आला. त्यानं झाकण उघडलं.

"दगड कुठायत?"

"शेकायला गेल्यात," अंजना बोलून गेली.

मग ती आळीभर पळाली. रखमाजी आप्पांच्या कमरेखालचा दगड ओढला. रंगुबाई तर पोटाशी धरलेला सोडेना.

"अगं, आत्ताशी कुठं गुण येतोय!"

शेवटी सगळी म्हातारी मंडळी घोंगड्या पांघरून, दगड कवटाळून यंत्रापुढं येऊन उभी राहिली. साहेबानं एक दगड हातात घेतला, मग गालाला लावला.

"अरे वा! अजून गरम?"

"पहाटंपत्तोर ऱ्हातोय साहेब," आप्पा म्हणाले, "पर उराशी धरून निजावं लागतंय."

"यंत्र पास!"

"आन् कांदा वो?" अंजनानं मऊ फोड त्याच्यापुढं धरली.

"ताई, माझ्याकडं फक्त उष्णता. कांद्याचं डिपार्टमेंट वेगळं."

साळूबाई पुढं सरकली. "साहेब, यंत्र लई झ्याक. तेवढा कांदा काढाया सांगा. गुडघ्याला वास मारतोय."

साहेबाला ते पटलं. अंजनाला हसावं की रडावं कळेना. कारखाना टळला, एवढ्यावर तिनं समाधान मानलं.

सकाळी ती कांद्याची पाटी घेऊन घराच्या पत्र्यावर चढली आणि फोडी उन्हात पसरू लागली. खालून सासूची हाक आली.

"अंजने, जरा बाजूला सरक की! दगडावर सावली पडतीय."