चमच्याची उंची

"आ कर. अजून मोठा! लग्नातला फोटो काढून घेतोयस का?"

फ्यूजने मोठा आ केला. टेबलावरचा पत्र्याचा हात गुरगुरला, वाटीत वाकला, चमचाभर सूप घेऊन वर आला आणि बरोबर त्याच्या ओठांशी थांबला. एक थेंब सांडला नाही. प्रोफेसरीण टाळ्या पिटत वर्कशॉपभर नाचली.

दोघंही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. पहिल्या वर्षी पठ्ठ्याने एक मोटार उलटी जोडली, तर म्हणे अख्ख्या कॉलेजचे दिवे गेले आणि प्राचार्यांचा पंखा उलटा फिरून टेबलावरचे कागद छताला चिकटले. कागदांचं सोडा, ती जरा माझी भर आहे. पण दिवे गेले होते आणि फ्यूज हे नाव पडलं ते पडलंच. प्रोफेसरीण का, तर ती शिकवणाऱ्या सरांनाच "समजलं ना?" असं विचारायची.

हा हात बनवायचा तो फ्यूजच्या वडिलांसाठी. बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. पट्टी न लावता अशी रेघ ओढायचे, की मुंग्यांनी तिच्यावरून रांगेत चालायला शिकावं. मग हातांना कंप सुटला. आधी ब्रश गेला, मागोमाग चमचा. बाबा स्वयंपाकघराचं दार लोटून, भिंतीकडे तोंड करून एकटे जेवायला लागले. आई भरवायला गेली तर म्हणाले, "मी काय तान्हा आहे?"

पण लेकाने मशीनचं काढलं, तेव्हा चक्क हसले. "मशीन चालेल. ते दया दाखवत नाही. आणि जमलं ना रे, तर मी तुमच्याबरोबर टेबलावर बसेन."

झालं, फ्यूजला दुसरं काही सुचेना. जेवायच्या वेळी तो घरी असा नसायचाच.

"एकदा बाबांना घेऊन ये," प्रोफेसरीण म्हणाली. "माप घेऊ."

"कशाला? त्यांचे शर्ट मला बसतात. आम्ही दोघं एकाच मापाचे."

"शर्ट बसतो म्हणजे तोंड त्याच जागी असतं का?"

"तू बटणं बघ गं, बापाचं मी बघतो."

मग फ्यूज स्वतः स्टुलावर बसला, चमचा त्याच्या तोंडाशी आणला गेला आणि हात ज्यावर बसवला होता तो खांब त्याच उंचीला वेल्डिंगने कायमचा पक्का झाला.

परीक्षेच्या दिवशी बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. उजवा हात खिशात. बाहेरून आलेले परीक्षक, सर, वर्गातली पोरं, सगळे भोवती उभे. एवढ्या माणसांपुढे खायला बाबा कधीपासून बसले नव्हते. स्टुलावर टेकून त्यांनी लहान मुलासारखा आ केला.

चमचा डौलात वर आला आणि बाबांच्या कपाळापुढे थांबला.

जन्मभर पाट्यांवर ओणवून ती पाठ वाकली होती. घरातल्या सगळ्यांना दिसत होती. फ्यूजच्या डोक्यात मात्र बाबा अजून शिडीवर ताठ उभे होते.

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. फ्यूज कानाशी पुटपुटला, "बाबा, जरा ताठ बसा ना!"

बाबांनी जोर केला. मान ताणली, हनुवटी वर केली. ठरवून दिलेली वेळ भरली तसा चमचा आपोआप कलंडला. सूप कपाळावरून नाकावर, तिथून शर्टावर. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"दुसरं कुणी बसतंय का?" परीक्षकांनी विचारलं.

बाबाच उठले. त्यांनी लेकाला स्टूल दिलं. फ्यूज बसला, मशीनने त्याला झकास भरवलं, एक थेंब सांडला नाही. टाळ्या पडल्या. प्रोजेक्ट पहिलं आलं. बाबा कोपऱ्यात डाव्या हाताने शर्ट पुसत होते.

"उद्याच खांब कापतो, बाबा," घरी जाताना फ्यूज म्हणाला.

"राहू दे रे. मशीन चांगलंय. माणूसच वाकलाय."

बक्षीस मिळालेलं मशीन कॉलेजने नियमाप्रमाणे ठेवून घेतलं. फ्यूजला दूरच्या गावी नोकरी लागली. सुट्टीत येतो आणि तुमच्या मापाचं नवीन करतो, असं तो प्रत्येक फोनवर म्हणायचा. बाबा "हो हो" म्हणायचे. एका सकाळी फोन आईचा आला. बाबा शेवटपर्यंत भिंतीकडे तोंड करूनच जेवले.

केस पांढरे झाल्यावर फ्यूज त्याच कॉलेजात परीक्षक म्हणून गेला. पोरांनी हौसेने जुनं मशीन कपाटातून काढून, तेलपाणी करून चालू केलेलं.

"सर, हे तुमचंच ना? बसा ना! आ करा!"

ड्रॉइंगच्या टेबलावर वाकून वाकून त्याचीही पाठ आता गोल झाली होती. तो स्टुलावर बसला. हात गुरगुरला, वाटीत वाकला, वर आला. मशीन काही विसरलं नव्हतं. ते एकवीस वर्षांच्या एका पोराचं तोंड शोधत त्याच्या कपाळापुढे येऊन थांबलं.

"सर, जरा ताठ बसा ना," एक पोरगी हसून म्हणाली.

फ्यूज ताठ बसला नाही. खिशातला रुमालही त्याने काढला नाही. डोळे मिटून, आ करून, चमचा कलंडायची वाट पाहत तो तसाच बसून राहिला.