तळाची झिल्ली

९७

"आता बंद पडेल बघा," ताई म्हणाल्या.

पडलाच.

"पाच मिनिटांत सत्त्याण्णव डिग्री!" दुरुस्तीवाला म्हणाला. "काम नसताना प्रोसेसर चाळिसाच्या आसपास हवा. भरपूर काम दिलं तर साठ-सत्तर, फार तर ऐंशी. शंभरीला टेकला की स्वतःचा जीव वाचवायला बंद पडतो."

"माझ्याकडे चार वर्षं हेच. आमचे हे म्हणायचे, मशीन मालकिणीवर गेलंय, लगेच तापतं."

तो हसला. ताई हसल्या नाहीत.

त्यांनी लोकांचं टायपिंग करून देणं सोडलं होतं. म्हणजे, सुटलं होतं. हा कॉम्प्युटर आता जावेच्या मुलीला द्यायचा होता, त्याआधी साफ करून हवा होता.

९७, आधीचे

(ताईंचे दुरुस्तीवाल्याला फोन. चार वर्षांत अनेकदा.)

मास्तर, पुन्हा गेला.

खिडकी उघडी ठेवा, ताई.

मास्तर, अर्धा प्रबंध गेला हो.

एका वेळी एकच फाईल उघडा. भिंतीपासून लांब ठेवलाय ना?

मास्तर, उद्या द्यायचंय.

जरा दमानं घ्या. घाण्याला जुंपल्यासारखं वापरू नका.

मग फोन येईनासे झाले. त्याला वाटलं, सुधारला असेल.

आकडा नाही

बाजूचा पत्रा काढताना सील फाटलं. कागदी, त्याच्याच सहीचं.

"मध्ये कोणी उघडला नाही ना?"

"छे! तुम्हीच बजावलं होतं ना, सील तुटलं तर जबाबदारी माझी नाही म्हणून? मी बाहेरूनच पुसायचे."

त्याने पंखा सोडवला. पंख्याखालचा धातूचा ठोकळा उचलला. प्रोसेसरची उष्णता ओढून घेतो तो ठोकळा. त्याच्या चकचकीत तळाला कारखान्यातून प्लास्टिकची एक पारदर्शक झिल्ली चिकटून येते. बसवण्याआधी ती काढायची असते. हे त्याला झोपेतही माहीत होतं. चार वर्षांपूर्वी हा जोडला, त्या आठवड्यात त्याने अकरा कॉम्प्युटर जोडले होते.

झिल्ली तिथेच होती. उष्णतेने पिवळी पडलेली.

ताई पंख्याची पाती पुसत होत्या. धूळ होती म्हटलं की झालं असतं. थोडी होतीच.

६६

झिल्ली काढली, उष्णता वाहून नेणारी नवी पेस्ट लावली, ठोकळा घट्ट बसवला. अर्धा तास भरपूर काम देऊन कॉम्प्युटर पिळून काढला. सहासष्टच्या वर गेला नाही.

"ताई, धुळीमुळे नव्हतं हे." त्याने तळहात पुढे केला. "ही काढायला मी विसरलो होतो. तुमचं काहीच चुकत नव्हतं."

त्यांनी झिल्ली चिमटीत धरली, उजेडाकडे केली.

"एवढीशी?"

त्यांनी झिल्ली टेबलावर ठेवली.

"मी हळू टाइप करायचे, मास्तर. तापू नये म्हणून. शेवटी शेवटी प्रबंधवाले सर म्हणाले, ताई, तुमचा हात गेला. मला ते खरंच वाटलं."

"पुन्हा कामं घ्या ना. आता हा..."

"कोणाची? लोक आपापलं टाइप करतात आता."

४१

तरी त्यांनी कीबोर्ड जवळ ओढला. "मुलीला देण्याआधी बघते तरी."

एक अक्षर दाबलं. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे पाहिलं. एक्केचाळीस. दुसरं दाबलं. पुन्हा पाहिलं.

"ताई, भराभर करा," तो म्हणाला. "काही होत नाही आता."

"हो," त्या म्हणाल्या.

आणि तिसरं अक्षर दाबून थांबल्या.