पिवळ्या कांड्या

मृणालने वजनकाट्याच्या काचेवरचं दव स्वेटरच्या बाहीने पुसलं आणि आकडा वाचला. तीनशे बारा. रेडकू काट्याच्या पिंजऱ्यात निवांत उभं होतं. त्याच्या नाकपुड्यांतली वाफ बाहेर पडायची आणि धुक्यात मिसळून जायची, इतकी की ते रेडकूच धुकं सोडतंय असं वाटावं.

"तीन सौ बारह," तिने स्वतःशीच म्हणून वहीत लिहिलं. पुढे बापाचा नंबर होता. सतरा.

"ये भी बड़े मियाँ का है," रामआसरे पिंजऱ्याचं दार उघडत म्हणाला.

"नहीं. सत्रह नंबर का है."

"कागज में होगा, मैडम." रामआसरेने रेडकाच्या पाठीवर थाप मारून त्याला बाहेर काढलं. "सींग देख लीजिए."

अमौसी विमानतळाच्या पलीकडच्या त्या फार्मवर नऊ दिवस ऊन पडलं नव्हतं. गोठ्यांच्या रांगा, पाण्याचे हौद, भुशाच्या गंजी, सगळं होतं त्या जागी होतं, पण दिसत नव्हतं. नुसतं ऐकू येत होतं. एखादी म्हैस हलली की धुक्याचाच एक तुकडा काळा पडून चालू लागल्यासारखा वाटे. अशा सकाळी मृणालला आपण जागे आहोत याची खात्री फक्त वहीतल्या आकड्यांनी पटायची.

आकडे हेच तिचं काम होतं. मांसासाठी वाढवल्या जाणाऱ्या म्हशींचा तो प्रकल्प होता आणि ती त्यात दहा वर्षं होती. आठ रेडे, प्रत्येकाची चाळीस-पन्नास रेडकं. सगळ्यांना सारखाच भुसा, सारखीच मोजकी पेंड. कोणाची रेडकं थोडं खाऊन जास्त वाढतात आणि जेठातल्या लूच्या गरम वाऱ्यात कोणाची तगतात, हे दोन वर्षं मोजायचं. जो रेडा पहिला येईल त्याच्या गोठवलेल्या रेताच्या कांड्या साठ गावांत जाणार. जो शेवटचा येईल तो विकला जाणार.

निकाल जवळजवळ लागलाच होता. सतरा नंबर पहिला, तेवीस नंबर शेवटचा. अहवाल टाइप झाला होता. उद्या तेवीसला न्यायला कत्तलीची जनावरं विकत घेणाऱ्या हाजीसाहेबांचा ट्रक येणार होता. तेवीस म्हणजेच रामआसरेचे बड़े मियाँ. त्याने त्याला लहानपणापासून वाढवलं होतं, पण ट्रकबद्दल तो अवाक्षर बोलला नव्हता.

मृणालने पिंजऱ्याबाहेर उभ्या रेडकाच्या डोक्याकडे पाहिलं. बड़े मियाँसारखंच त्याचं डावं शिंग उजव्याहून बोटभर खाली झुकलेलं होतं. तिने पुढचं रेडकू बोलावलं, मग त्याच्या पुढचं. वहीत सतराची म्हणून लिहिलेली सात रेडकं आली. पाच जणांचं डावं शिंग खाली होतं. मग तिने तेवीसच्या नावावरची चार मागवली. चौघांची शिंगं सरळ होती.

तिने वही मिटली.

"चाय पिएँगी?" रामआसरेने विचारलं.

"नहीं. स्टोर की चाबी दो."

कोठीत कांड्या ठेवायचं द्रव नत्राचं मोठं भांडं होतं. झाकण काढताच पांढरी वाफ काठावरून उतरून तिच्या पायांपर्यंत आली. भिंतीवर रंगांचा तक्ता होता, कारण गोठलेल्या कांडीवरचा बारीक छापा कोणी वाचत बसत नसे. सगळे रंगावर जात. पिवळा, सतरा. गुलाबी, तेवीस. तिने चिमट्याने एक पिवळी कांडी उचलली. अशी बाहेर काढून धरली की ती वाया जाते, हे तिला माहीत होतं. अंगठ्याने बर्फ पुसून तिने कांडी खिडकीपाशी नेली.

छापा तेवीसचा होता. तक्त्यात दोन रंग उलटे पडले होते; खरा पहिला तेवीस होता, शेवटचा सतरा.

तक्ता तिच्याच हातचा होता. खाली तिची सही आणि तारीख, बारा फेब्रुवारी चौऱ्याण्णव. अक्षर वळणदार होतं, एकही खाडाखोड नव्हती. त्या हंगामात माजावर आलेल्या म्हशींना याच तक्त्यावरून कांड्या दिल्या गेल्या होत्या आणि नंतर निकालाची वाट पाहत हे दोन रंग भांड्यात पडून राहिले होते. तो तक्ता लिहितानाचा एकही क्षण तिला आठवेना. दुसऱ्याच कुणीतरी आपला हात उसना घेऊन तो लिहिला असावा, असं वाटत राहिलं.

तारीख मात्र तिला ठाऊक होती. त्याच्या आठ दिवस आधी ती दवाखान्यातून रिकाम्या हातांनी घरी आली होती. सहावा महिना होता. घरात बसवेना म्हणून ती कामावर आली. नवऱ्याने, नरेंद्रने, तिला स्कूटरवरून फाटकाशी सोडलं आणि तो बँकेत गेला. त्या गोष्टीबद्दल दोघं त्या दिवशी बोलले नाहीत. पुढे बोलायचं राहून गेलं, आणि राहून गेलेलंच घरात रुळलं.

डॉक्टर निगम प्रकल्पाचे प्रमुख होते. हीटरपुढे तळवे धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"रिपोर्ट टाइप हो चुकी है, मृणाल जी," ते शेवटी म्हणाले. "तेईस जाए या सत्रह, भैंसा ही तो है. किसे पता चलेगा?"

"साठ गाँवों को पता चलेगा, सर. पीली स्ट्रॉ इस साल ख़त्म हो जाएँगी, फिर सत्रह की भरी जाएँगी. जेठ में. सत्रह के पड़वे मरेंगे."

"आपका प्रमोशन इसी रिपोर्ट पर है."

"जी."

त्यांनी खण उघडून एक छापील कागद पुढे सरकवला. "लिखकर दीजिए. कारण भी लिखना पड़ेगा. ऊपर से सबसे पहले वही पूछेंगे."

दुसऱ्या दिवशी ट्रक आला तेव्हाही धुकं होतंच. रामआसरेने सतराला सोडून आणलं. मृणाल कुंपणाशी उभी होती. सतराला तिचा आवाज कळायचा. रोज सकाळी तो कुंपणापाशी येई आणि ती त्याला गाजराची पाती देई. पहिला येणार म्हणून नव्हे; पहिला येण्याच्या कितीतरी आधीपासून. आज तिने काहीच आणलं नव्हतं. रामआसरेच्या हातातला दोर ओढत तो सवयीने तिच्यासमोर येऊन थांबला आणि त्याने मान पुढे केली. तिने दोन शिंगांमध्ये हात ठेवला. तिथली कातडी गरम होती.

"कल तो दूसरे की बात थी," हाजीसाहेब म्हणाले. पांढऱ्या दाढीवर दवाचे थेंब होते.

"बदल गया, हाजी साहब."

"चलिए, जो अल्लाह की मर्ज़ी." त्यांनी रेड्याच्या पाठीवरून हात फिरवला. "बड़ा शरीफ़ जानवर है."

"जी," मृणाल म्हणाली. "बहुत शरीफ़ है."

तो फळीवरून कुरकुर न करता चढला. ट्रक निघाला, आणि दहा पावलांवरच धुकं त्याच्यामागे मिटलं. आवाज मात्र बराच वेळ येत राहिला. रामआसरे बाजूला उभा होता. आपला वाचला म्हणून तो खूश होईल असं तिला वाटलं होतं. तो म्हणाला, "बेचारा," आणि रिकामा दोर गुंडाळत गोठ्याकडे गेला.

त्या वर्षी गावांत पिवळ्या कांड्या गेल्या, तेवीसच्या नावाने. मृणालचं प्रमोशन पुढच्या यादीवर गेलं, आणि तिथूनही पुढे.

पण ट्रक गेला त्या संध्याकाळी तो छापील कागद अजून तिच्या पर्समध्येच होता. निशातगंजच्या घरी आली तेव्हा नरेंद्र जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसला होता. तिने शाल न काढताच कागद त्याच्यासमोर ठेवला आणि झालेलं सगळं सांगितलं. कांड्या, शिंगं, तक्ता. तो ऐकत होता, शेंगा सोलत होता.

"कारण काय लिहिणार?" त्याने विचारलं.

"नजरचूक."

"तारीख काय म्हणालीस?"

"बारा फेब्रुवारी. चौऱ्याण्णव."

"शनिवार होता," नरेंद्र म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने क्षणभरही आठवावं लागल्यासारखं केलं नव्हतं.

शनिवार. बँक अर्धा दिवस. तो दोनला मोकळा झाला असणार आणि तरी पाचला न्यायला आला, हे ती त्या दिवसापासून मनात धरून होती. तीन वर्षं. एकदाही बोलून दाखवलं नव्हतं.

"पाचला आलास तू," ती म्हणाली. "बँक दोनला सुटते."

"मी बँकेत गेलोच नव्हतो." त्याने एक शेंग उघडली. दाणे काढले नाहीत. "तुला सोडलं आणि समोरच्या चहाच्या टपरीवर बसलो. म्हटलं, तुला मध्येच घरी यावंसं वाटलं तर रिक्षा शोधत बसायला नको. विमानं वर घिरट्या घालत होती, उतरत नव्हती. त्यांचा आवाज ऐकत होतो."

"पाचपर्यंत?"

"हो."

"मग आत का नाही आलास?"

"आत येऊन काय म्हणायचं ते ठरेना." त्याने सालं एका बाजूला सारली. "आणि तू काही बोलत नव्हतीस. वाटलं, तुला तसंच हवंय."

मृणालने खुर्ची ओढली आणि बसली. शेंगांचा एक ढीग आपल्याकडे घेतला. वाटीत दाणे पडल्याचा आवाज तेवढा होत होता. खाली गल्लीत कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. कागद दोघांच्या मध्ये होता, आणि त्यावर सालं पडत होती.

"दवाखान्यात मला दाखवलं नाही त्यांनी," ती म्हणाली. मान वर न करता. "तू पाहिलं होतंस ना?"

"हो."

"सांग."

नरेंद्रने हातातली शेंग खाली ठेवली. टॉवेलला एकेक बोट पुसलं.

"केस होते," तो म्हणाला. "खूप."