शिंकेनंतरचं वाक्य

पेणमध्ये गणपतीचे डोळे आखणारे हात पुष्कळ, पण दिनानाथसारखा हट्टी माणूस एकच. जुनी मूर्ती रंगवायला आली की हा आधी पॉलिशपेपर घेऊन बसणार. जुना रंग पार घासून काढल्याशिवाय नवा हात मारायचा नाही, मारला तर वर्षाच्या आत पापुद्रे सुटतात, असं त्याचं ठाम मत. आणि संध्याकाळी त्याच्या गणपतीच्या कारखान्यात केराचा कण राहता कामा नये. चाळीस वर्षं हेच. ह्या दोन चांगल्या सवयींनीच त्याचा घात केला, दुसऱ्या कुणी नाही.

सुजय त्याचा मुलगा. धाटावला केमिकल कंपनीत होता, रोज पेणहून बाइकवर जा-ये. दोन वर्षांपूर्वी पहिली शिफ्ट सुटल्यावर घरी येताना नागोठण्याजवळ गाडी घसरली आणि सगळं संपलं. फोनचा तर चुराच झाला. मागे राहिली ती त्याची वेबसाइट. हौशी पोरगा! स्वतःच्या नावाची वेबसाइट काढून त्यात बापाच्या कारखान्याचे फोटो, कंपनीच्या कॅन्टीनच्या गमती, धरमतरच्या खाडीतले बार्ज, काय वाटेल ते टाकायचा. त्यातच त्याच्या आवाजातलं अर्ध्या मिनिटाचं बोलणं होतं.

त्याची आई रंभा रोज दुपारी भांडी आवरली की पदराला हात पुसत यायची. "अवो, लावा ना त्याचं." दिनानाथ फोनवर ते लावायचा. अर्धं मिनिट दोघं कान देऊन ऐकायची. मग ती उठून तांदूळ निवडायला बसायची. दोन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

वेबसाइट सांभाळायची ती सुरभी, त्यांची मुलगी, रोह्याला दिलेली. यंदा ती बाळंत झाली, हातात वेळ उरेना, म्हणून तिनं फोनवरून बापाला पासवर्ड दिला. "बाबा, दादाचं श्राद्ध येतंय, त्याचा चांगला फोटो तेवढा वर लावा. बाकी कशाला हात लावू नका." हात लावू नका म्हणे! कुणाला सांगत होती ही?

दिनानाथनं चष्मा चढवून वेबसाइट पहिल्यांदाच नीट बघितली आणि त्याचं कारागिराचं डोकं फिरलं. फोटो वाकडे, रंग भडक, कॅन्टीनच्या पानावर काहीतरी अर्ध्यातच सोडलेलं. श्राद्धाला धाटावचे दोस्त येणार, ते हे बघणार. आपल्या पोराचं काम असं दिसावं? त्यानं ठरवलं, सगळं साफ करायचं आणि मग एकेक नीट लावायचं. एकेक पान पुसलं. आवाजही पुसला. भीती कसली? कारखान्यात मूर्ती फुटली तर कोण रडत बसतं? साचा फळीवर असतोच, दुसरी काढायची. ह्याचाही साचा आत कुठंतरी असणारच, असं तो धरून चालला. शेवटी कोपऱ्यात केराची टोपली दिसली, पुसलेलं सगळं तिच्यात. केर बघून त्याला कुठला दम निघतोय! तीही रिकामी केली. कायमचं जाईल, चालेल का, असं फोननं विचारलं, तर ह्यानं वर 'हो' म्हटलं.

मग साचा शोधायला लागला. तासभर शोधला. शेवटी त्यानं रोह्याला फोन लावला.

"गो सुरभे, सुजयचा आवाज परत कुठनं काढायचा?"

"परत म्हंजे? बाबा, काय केलंत?"

त्यानं सांगितलं.

"टोपली पण?"

"व्हय."

पलीकडे बाळ रडायला लागलं. "माझ्याकडे दुसरा नाय ओ बाबा," सुरभी म्हणाली. "वेबसाइटवर हाय, म्हणून मी कुठं ठेवलाच नाय." मग तीही रडायला लागली. वेबसाइटवाल्या कंपनीला तिनं लिहून बघितलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, मिळणार नाही.

त्या दोन दुपारी दिनानाथ खोटं बोलला. एकदा रेंज नाय, एकदा बॅटरी उतरली. तिसऱ्या दुपारी रंभानं 'लावा ना' म्हटलंच नाही, नुसती येऊन शेजारी बसली. ते मात्र त्याला सोसवेना.

"रंभे, मी पुसलं ते."

"काय पुसलं?"

"सुजयचं बोलणं. घासून नवं करायला गेलो. आता नाय हाय ते. कुठंच नाय हाय."

रंभानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुमाला पाठ असंल ना?" तिनं शेवटी विचारलं.

"हाय."

"मग बोला."

दिनानाथनं घसा खाकरला. "नमस्कार मंडळी, मी सुजय. इथं पाठमोरे बसलेत ते आमचे बाबा. आता गणपतीचा डोळा आखतायत. डोळा आखताना ते श्वास धरतात, आणि आख्ख्या घरानं धरायचा असतो. आईनं फोडणी द्यायची नाय, मांजरानं चालायचं नाय. मग मी लहानपणी काय करायचो सांगू?"

तो थांबला.

"हितं तो शिंकतो," रंभा म्हणाली.

"म्हाईत हाय. माज्यानं नाय व्हत."

रंभानं पदर नाकाशी नेला आणि शिंकली. खोटी, मोठ्ठी, सुजय शिंकायचा अगदी तश्शी. मग ती वाट बघत राहिली. कारण त्या बोलण्यात शिंकेनंतर मागून दिनानाथच ओरडायचा, "गाढवा, डोळा वाकडा गेला असता ना!" त्यावर सुजय खो खो हसायचा, आणि तिथं ते बोलणं संपायचं.

"बोला की," रंभा म्हणाली. "आता तुमचं हाय."

दिनानाथनं तोंड उघडलं. पोराचं सगळं बोलणं त्यानं घडाघडा म्हटलं होतं. हे एवढं एकच वाक्य त्याचं स्वतःचं होतं, आणि तेच त्याच्या तोंडून फुटेना.