ओमप्रकाशभाऊंच्या कोडला शिस्त

तीन वाजता इंदुताई येणार होत्या, आणि आमचा प्रोग्राम ‘बी निगेटिव्ह’ विचारलं की अख्ख्या नागपूरची नावं छापत होता!

इंदुताई रक्तपेढी चालवायच्या. रक्तगट टाइप केला की त्याच गटाचे रक्तदाते पडद्यावर दिसावेत, एवढंच त्यांना हवं होतं. जमलं नाही तर काम मुंबईच्या कंपनीला आणि धरमपेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसला कुलूप. सत्त्याऐंशी साल होतं. लोक कॉम्प्युटर बघायला यायचे, काम द्यायला कोण येतंय!

प्रोग्राम ओमप्रकाशभाऊंचा. माणूस भोकं पाडलेल्या पंचकार्डांच्या काळातला, हुशार आणि तेवढाच हट्टी. सगळ्या ओळी डाव्या कडेला चिकटवून लिहायचे. मी ‘शिस्त’ नावाचा एक प्रोग्राम बनवला होता. त्याला कोड दिला की ‘अमुक असेल तर’ अशा अटीच्या आतल्या ओळी तो आपोआप उजवीकडे सरकवून नीट मांडायचा. भाऊ त्याला जवळ येऊ देत नव्हते.

“मोकळ्या जागेनं फ्लॉपी भरते वं, शामला. अन् माह्या कोडले मशीननं काहून हात लावावा?”

दोन वाजले. भाऊ कोडची तीच छापील पानं पुन्हा वाचत होते. माझं डोकं फिरलं. ते पाणी प्यायला उठले तशी मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि ‘शिस्त’ सुरू केली.

“काय करून राहिली तू?” भाऊ धावत आले. “कॉपी काढली का आधी?”

काढली नव्हती! ‘शिस्त’ मूळ फाइलीवरच लिहीत होती. मध्येच बिघडलं असतं तर भाऊंची सगळी मेहनत पाण्यात. ते पडद्यावर डोळे लावून उभे राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

फ्लॉपीची खरखर थांबली. पडद्यावर कोड आला, आणि काय देखणा दिसत होता!

“थांब, थांब!” भाऊच ओरडले. “नाव छापायची ओळ बाहेर काहून आली?”

रक्तगट जुळला तर दाता मोजायचा आणि त्याचं नाव छापायचं होतं. या दोन ओळींना एकत्र बांधणारे शब्दच भाऊ विसरले होते. मोजणारी ओळ अटीच्या आत गेली, छापणारी बाहेर डावीकडे एकटीच उभी, म्हणून गट जुळो न जुळो, प्रत्येकाचं नाव छापलं जात होतं. सगळ्याच ओळी डावीकडे असताना ती दिसणार कशी? भाऊंनी भराभरा ते शब्द टाइप केले.

तीन वाजता इंदुताई आल्या आणि त्यांनी स्वतः ‘बी निगेटिव्ह’ टाइप केलं. तीनच नावं आली! मी टाळ्याच वाजवल्या.

“सोमवारपासून लावा कामाले,” त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर भाऊंनी ‘शिस्त’चाच कोड उघडला. घाईत लिहिलेला, सगळा डावीकडे! हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “शिस्तीलेच शिस्त नाही वं!”

“चालवा मग तिच्यावरच!” मी उतावीळ झाले होते.

भाऊंनी हात वर केला. कपाटातून कोरी फ्लॉपी काढली आणि तिच्यावर सावकाश माझं नाव लिहिलं.

“आधी तुह्या कोडची कॉपी काढतो,” ते म्हणाले. “मंग चालव.”