लालासाहेबांच्या घरचा गंज

मंगळवारी दिवस वर यायच्या आत लालासाहेबांच्या दारात तोबा गर्दी झाली. कुणाच्या हातात तांब्या, कुणाच्या हातात बाटली. एका पैलवानानं तर घागरच आणली होती. रेटारेटी अशी की रेशनची साखर आल्यासारखी!

न्हाणीघराच्या भिंतीला पितळी नळ, आणि नळापुढं पाटावर बिराप्पा महाराज. महाराज सीमेपलीकडून आलेले. ते "बा तायी, बा!" असं ओरडले की लोकांना वाटायचं, संस्कृत चाललंय. खरं म्हणजे ते कानडीत "ये गं आई, ये" एवढंच म्हणत होते.

महाराजांनी नळाला बांधलेलं फडकं सोडलं आणि चावी फिरवली. नळ खोकला, शिंकला, आणि तांबडंलाल पाणी भळाभळा पडलं.

"कुंकू! आईचं कुंकू!" लोकांनी एकच कालवा केला.

दोन घागरी भरल्या की पाणी निवळायचं. महाराज लगेच डोळे मिटायचे. "आई आंघोळीला गेली!" सोमवारी आणि गुरुवारी दिवसभर नळाला फडकं बांधलेलं असायचं. का, तर आईचा उपास. उपास सुटला की आई जास्तच लाल व्हायची. लोकांना याचं भारी नवल!

अंजना दाराआड उभी होती. लालासाहेबांची ती सून. नवरा धनाजी पलटणीत, दूर सरहद्दीवर. कडेवर तीन वर्षांची लीला. पोरीला चार दिवस हगवण लागली होती. डोळे खोल गेले होते, ओठ सुकले होते. कालपासून ती रडतही नव्हती, आणि त्याचीच अंजनाला जास्त भीती वाटत होती.

हे सगळं सुरू झालं एका पाईपापायी. लालासाहेब उसाचे मोठे बागायतदार. विहिरीवर इंजिन, नव्या घरावर सिमेंटची टाकी, आणि अख्ख्या वाडीत पहिला नळ त्यांच्या घरी. बसवायला बौद्धवाड्यातला केरू बोलावला. फिटरकी तो मिरजेला शिकला होता. तो म्हणाला, "दादा, जस्त चढवलेला पांढरा पाईप घ्या."

"येडा हायस का रं? नव्या घराला दृष्ट लागंल! लेकराची तीट काळी, दारावरचा बिब्बा काळा, आन् नळी तेवढी पांढरी? काळीच बसव."

"काळ्यातनं गंज येईल, दादा."

"येऊ दे!"

आला की मग! पंधरा दिवसांत पाणी लाल. बिराप्पा महाराजांना वास लागला, ते आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि ताडकन उठले. "कोन म्हनालं गंज येईल? आवं, त्येच्या तोंडनं आई बोलली! घराखाली मोहरांनी भरलेला गंज हाय, हंड्याएवढं भांडं! दर मंगळवारी वीतभर वर सरकतोय. त्येच्या गळ्याचं कुंकू ह्ये! पाच मंगळवार पाणी प्या. पर घरच्या रक्ताचं मानूस शीव वलांडंल, तर गंज पाताळात!"

मोहरा म्हटल्यावर लालासाहेबांची अक्कल गवत खायला गेली. एवढा शहाणा माणूस, उसाचं कांडं बघून साखरेचा उतारा सांगणारा!

"मामंजी, पोरीला मिरजेला न्याया पायजे," अंजना रोज म्हणायची.

"दोनच मंगळवार ऱ्हायल्यात. पाज की आईचं पाणी." असं म्हणताना ते नातीकडं बघत नसत.

अंजनानं पाजलंही. पण रविवारी वाटीच्या तळाचा गाळ तिनं बोटावर घेतला, चोळला, हुंगला. अगं बया! ओला ठेवलेला तवा सकाळी असाच तर होतो! रंग तोच, वास तोच. तिनं उकिरड्यावर पडलेला काळ्या पाईपाचा तुकडा उचलला. केरूनं दाखवायला आणलेला पांढरा तुकडा वळचणीला पडला होता, तोही घेतला. सोमवारी उजाडताच दोन्हींचं एक तोंड कणकेनं बुजवलं, विहिरीचं पाणी भरलं, आणि केरूला निरोप धाडला.

आज केरू आला होता. अंगणाच्या कडेला उभा होता. मघाशी त्यानं पाणी मागितलं, तर गड्यानं ते वरून ओंजळीत ओतलं होतं.

अंजनानं पदर खोचला आणि ती सरळ गर्दीत शिरली. एका कडेवर लीला, दुसऱ्या हातात दोन नळ्या.

"महाराज, दोनीत एकाच हिरीचं पाणी हाय. आई कुठल्या नळीत आलीया, सांगा."

"बाईमानसानं आईची परीक्षा बगू ने!"

"सांगा की महाराज," पैलवान म्हणाला, "तुमास्नी तर समदं दिसतंय."

महाराजांनी एक डोळा मिटला, दुसऱ्यानं नळ्या न्याहाळल्या. "चमकती ती! आई तेजात ऱ्हाती!"

अंजनानं पांढरी नळी महाराजांपुढच्या इनॅमलच्या ताटात ओतली. पाणी स्वच्छ. मग काळी ओतली, आणि ताट लाल झालं.

"ही काळी उकिरड्यावरनं आणलीया. आई उकिरड्यावर बसती व्हय?"

माणसं ताटावर वाकली. लालासाहेब चाचरत म्हणाले, "पर केरू, गंज येईल म्हून तूच म्हनालास न्हवं?"

"आवं दादा, भात शिजवायचा गंज म्हनालो व्हतो का मी? लोखंडाला चढतो त्यो गंज! गव्हावर तांबेरा पडतो तवा कुनी नारळ फोडतंय का? ह्यो लोखंडाचा तांबेरा. पांढऱ्या पाईपावर जस्ताचं कातडं असतंय, म्हून त्येला धरत न्हाई. पानी नळीत जेवढं थांबंल, तेवढं लाल. आता सोमवारी नळ कोन बांधून ठिवतंय, त्येलाच इचारा."

सगळ्या माना महाराजांकडं वळल्या. महाराज खडावा शोधायला लागले.

"मुडद्या, तीन आठवडं गंज पाजलास व्हय रं आमाला!" म्हाताऱ्या पारूबाईनं तांब्याच फेकला. महाराजांनी खडावांचा नाद सोडला आणि अनवाणीच शीव ओलांडली.

लालासाहेब हलले नाहीत. ते लीलाकडं बघत होते. पोरीचा हात आईच्या खांद्यावरून नुसता लोंबत होता.

"गाडी जुंपा," ते ओरडले. "आरं जुंपा लौकर!"

मिरजेच्या डॉक्टरांनी पोरीला सलाईन लावलं आणि ते म्हणाले, "आज आणलीत म्हणून बरं. उद्या आणली असतीत तर माझ्या हातात काही नव्हतं." लालासाहेब दवाखान्याच्या पायरीवर बसले आणि धोतराचा सोगा तोंडात कोंबून रडले.

लीला घरी आली ती दुडूदुडू चालत. केरूनं काळा पाईप उखडून पांढरा बसवला. लालासाहेबांनी हळूच नव्या पाईपाला काळा दोरा बांधला. बांधू दे! दोऱ्यानं पाणी लाल होत नाही.

बाबांनो, नळाला लाल पाणी आलं तर हात जोडू नका, नळी तपासा. लेकरू आजारी पडलं तर डॉक्टर गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर आपल्या घरचा तवा एकदा आठवा.

नव्या नळाचं पहिलं पाणी अंजनानं घरातल्या पेल्यात भरून केरूच्या हातात दिलं. लालासाहेबांच्या कपाळाला आठी पडली.

"समदे सांधे ह्येनंच जोडल्यात, मामंजी," ती म्हणाली. "तीन आठवडं अख्खी वाडी ह्येच्याच हातचं पानी तीर्थ म्हून पीत व्हती. तवा कुनाला बाट लागला?"

लालासाहेबांनी आपला पेला पुढं केला. "व्हय बाई," ते म्हणाले, "मलाबी दे."